वनिताबाईंचा साधा उपग्रह

मंडळी, मी बसूनच बोलतो. राग मानू नका. गुडघे दुखतात, आणि आज उभं राहण्याची उमेदही नाही.

वनिताबाईंच्या गावची, बाळकुमची, एवढी माणसं आली आहात. वनिताबाईंच्या कॉलेजातले प्राध्यापक आहेत, शिपाई आहेत. कल्याणहून आमचे रेडिओवाले आलेत. पुढे वनिताबाईंच्या आई बसल्या आहेत, शेजारी भाऊ रमेश. तुम्हा सगळ्यांसमोर काय बोलायचं? आमच्या रेडिओच्या गटातल्या जाधवांनी मला फोन केला तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. ते म्हणाले, "लिमयेसाहेब, तुम्ही नाही बोललात तर कोण बोलणार?" खरं आहे. त्या सगळ्या वर्षांचे साक्षीदार आता आम्ही दोघंच उरलोय.

मी श्रीपाद लिमये, डोंबिवलीचा. एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर होतो. वनिता कोळी ठाण्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट. माझ्या नावापुढे डिग्री, त्यांच्या नावापुढे बारावी. हे मुद्दाम सांगतोय. पुढे कळेल का ते.

आमची ओळख हॅम रेडिओमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरी सेट बांधायचा आणि त्यावरून लांबलांबच्या लोकांशी बोलायचं, असा हा छंद आहे. परीक्षेत मोर्स येते, ती ठिपक्या-रेघांची कड-कट्ट लिपी. वनिताबाई ती मोर्स कुठे शिकल्या माहीत आहे? लॅबमध्ये. पोरांची प्रॅक्टिकल संपली की टेबलावर पेन्सिल आपटत बसायच्या. एक प्राध्यापक म्हणाले, "वनिताबाई, डोकं दुखतंय." तर ह्या म्हणाल्या, "सर, अजून पी आणि एक्सच राहिलेत."

ते सर आज इथे आहेत. मान हलवतायत बघा.

ऐंशीच्या दशकात आमच्यासारख्या छंदवाल्यांनी जगात ठिकठिकाणी छोटे उपग्रह बांधले होते. मोठ्या रॉकेटमध्ये कोपऱ्यात जागा मिळाली की ते वर जायचे. आपण खालून बोलायचं, उपग्रह ते ऐकून दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर परत खाली पाठवणार, आणि हजारो मैलांवरचा माणूस ते ऐकणार. डोक्यावरून जाताना पंधरा-सतरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं.

पहिल्यांदा वनिताबाई उपग्रहावरून बोलल्या त्या माझ्या गच्चीवरून. रविवारची सकाळ होती. शेजाऱ्यांच्या वाळवणाच्या दोऱ्यांमधून आमची तार ओढलेली. उपग्रह जवळ येतो तेव्हा सूर चढा असतो, लांब जातो तसा उतरत जातो, म्हणून बटण सारखं फिरवत राहावं लागतं. मला ते जमायला दोन महिने लागले होते. ह्यांनी पहिल्याच खेपेला हात असा ठेवला की सूर हललाच नाही. मी विचारलं, "कसं केलंत?" म्हणाल्या, "साहेब, होडीत बसून जाळ्याची दोरी धरली आहे मी. ओढ कुठे आहे ते हाताला कळतं."

पलीकडून ताश्कंदच्या कुणीतरी मोर्समध्ये उत्तर दिलं. नाव विचारलं. वनिताबाईंनी अक्षरं पाठवली, व्ही, ए, एन, आय, टी, ए. मग हेडफोन काढून ठेवला. माझ्या बायकोने चहा आणला, तो निवला. शेवटी म्हणाल्या, "माझं नाव वर जाऊन आलं."

त्यानंतर आम्ही सहा जणांनी ठरवलं, आपणही एक उपग्रह बांधायचा. दर रविवारी जाधवांच्या घरी वर्तकनगरला जमायचो. जाधव टेलिफोन खात्यात. दोन खोल्यांचं घर. वहिनी पोरांना घेऊन आत बसायच्या आणि बाहेर आमचा पसारा. वहिनी, आम्ही तुमचे किती रविवार खाल्ले, त्याची माफी कधी मागितलीच नाही.

आराखडा माझा होता. त्यात कॉम्प्युटर होता, निरोप साठवण्याची सोय होती, तापमान मोजणारे आठ सेन्सर होते. मी फळ्यावर काढायचो आणि सगळे वाहवा करायचे. वनिताबाई मागे बसायच्या. आणि दर वेळी एकच प्रश्न. "साहेब, हे कशाला?"

मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा, मंडळी. आज कबूल करतो.

एकदा मी जरा तडकून म्हटलं, "मग तुमच्या मते काय हवं?" त्या उठल्या. म्हणाल्या, "लॅबमध्ये वर्षाला दीडशे पोरं यंत्रांना हात लावतात. ज्यात कमी भाग, ते टिकतं. वर तर दुरुस्तीला कुणी जाणारही नाही. ऐकणारा एक भाग, बोलणारा एक भाग. खालून एकच हुकूम, बंद हो. बास."

मी विचारलं, "आणि बॅटरी मेली तर?"

"मरू दे. उन्हात आला की सोलर पट्ट्यांवर चालेल, सावलीत गेला की थांबेल. उन्हात आला की परत चालेल." मग म्हणाल्या, "आणि साहेब, तुमचा उपग्रह वापरायला खाली कॉम्प्युटर लागणार. आपल्यातल्या किती जणांकडे आहे? माझ्याकडे नाही. ह्या जाधवांकडे नाही."

मी फळा पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला.

पण त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. घरी गेल्या आणि बांधायला बसल्या. वर्षभरात तयार केला. रमेशने पत्र्याची पेटी करून दिली. दोन वितींची असेल. आतली एकेक जोडणी मी पाहिली आहे. माझ्या कारखान्यात इतकं स्वच्छ काम करणारा माणूस नव्हता. हेही मी त्यांना कधी म्हटलं नाही.

मग नव्वदच्या सुमाराला परदेशातल्या एका हॅम मंडळाचं पत्र आलं. एका उड्डाणात छोट्या पेटीची जागा आहे. एकच पेटी. चार महिन्यांत तपासणीसाठी पाठवा. गटाचा प्रमुख मी, पत्रव्यवहार माझा. मी उलट टपाली माझा आराखडा कळवला. कुणाला विचारलं नाही.

वर कडाक्याची थंडी असते, म्हणून थंडीत चाचणी घ्यायची होती. कुठे घेणार? वनिताबाईच म्हणाल्या, "मासळीसाठी बर्फ बनतो त्या कारखान्यात रमेशची ओळख आहे." भर दुपारी आम्ही तिथे गेलो. दोन पेट्या, माझी, तोवर घाईने जोडलेली, आणि त्यांची. दोन्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या लाद्यांच्या मध्ये ठेवल्या. कामगार बघत होते. एकाने रमेशला विचारलं, "अरे, कसली मासली हाय ही?"

दोन तासांनी वनिताबाई बाहेर अंगणात जाऊन सेटवर बोलल्या. "हॅलो, बाळकुम, हॅलो." त्यांच्या पेटीतून आवाज परत आला. स्वच्छ. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी. मी बोललो. परत बोललो. काही नाही. कॉम्प्युटर गारठून बसला होता.

परत येताना रिक्षात वनिताबाई म्हणाल्या, "साहेब, कुठली पाठवायची?"

मी म्हटलं, "बघू."

ह्या एका शब्दावर मी दीड महिना काढला. मंडळी, 'बघू' म्हणजे काय हे त्यांना कळलं होतं, जाधवांना कळलं होतं. मलाही कळत होतं. मी रोज कामावरून येऊन कॉम्प्युटर उघडायचो, जोडायचो, बर्फात ठेवायचो. एकदा चालायचा, दोनदा बंद पडायचा. मुदत संपली. मग मी त्या मंडळाला पत्र लिहिलं.

ते टाइप कुणी केलं? आमची सगळी इंग्रजी पत्रं वनिताबाई कॉलेजच्या टाइपरायटरवर टाइप करायच्या. मी नेहमीप्रमाणे लॅबमध्ये जाऊन कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. विचारलं, "साहेब, 'आमचा उपग्रह तयार नाही', असंच टाइप करू?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी टाइप केलं. स्पेलिंगची एक चूक होती, ती दुरुस्त केली. माझ्यापुढे सहीला ठेवलं. मी सही केली. लॅबच्या कपाटावर त्यांची पेटी ठेवलेली होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती.

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुन्हा तसं पत्र कधी आलं नाही. गट विस्कटला. कुणाची बदली झाली, कुणी गल्फला गेलं. जाधव मात्र राहिले. आणि वनिताबाई. त्या दुसऱ्यांच्या उपग्रहांवरून बोलत राहिल्या. माझ्या घरी येत राहिल्या, बायकोच्या आजारपणात डबा घेऊन आल्या, ती गेली तेव्हाही आल्या. त्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. मी समजलो, विसरल्या असतील. आपल्याला सोयीचं असतं ते आपण लवकर समजतो.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. कावीळ फार वाढली होती. मी शेवटी धीर केला. म्हटलं, "वनिताबाई, ते पत्र..."

त्यांनी डोळे मिटले होते. म्हणाल्या, "मला तेव्हा खूप राग आला होता साहेब. मी पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नव्हते."

मी खुर्ची जवळ ओढली.

"तुमच्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या.

आणि खरंच, मंडळी, मला आठवत नाही. ते पंधरा दिवस मला आजही आठवत नाहीत. रोज रात्री आठवून बघतो. ज्या बाईने माझ्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मला पत्ता नाही. मी काय बघत होतो?

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स आली. भेटीची वेळ संपली. मी म्हटलं, "उद्या येतो." दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या.

हे सगळं घरी बसून आठवायचं होतं. इथे कशाला सांगतोय? त्याचं कारण वनिताबाईंच्या आई आहेत. अंत्यविधी झाल्यावर त्यांनी माझा हात धरून विचारलं, "सायेब, माझ्या पोरीचा यंत्र वर गेला का नाय?" मी म्हटलं, "आई, नाही गेलं. परवानगी मिळाली नाही." आणि त्या म्हणाल्या, "बरा. सरकारचा काम."

आई, ते खोटं होतं. परवानगीचं काही नव्हतं. सरकारचंही नव्हतं. तुमच्या मुलीचं यंत्र चांगलं होतं, माझ्या यंत्रापेक्षा चांगलं होतं, आणि ते तयार होतं. मी ते अडवलं. माझ्यामुळे ते वर गेलं नाही. हे मी तिला सांगायला हवं होतं. तिला नाही सांगितलं, म्हणून तुम्हाला सांगतो, ह्या सगळ्यांच्या देखत. मला क्षमा करा असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मला आणखी बोलवत नाही. ज्यांना जमेल त्यांनी उभं राहावं, आईंनी बसूनच राहावं. दोन मिनिटं आपण कुणीच काही बोलू नये.

वनिताबाई, नमस्कार.