उरलेल्या जागेतली शून्यं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई आणि त्यांची इंजिनिअर लेक बसल्या होत्या. बाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती.

"शेजारीण विचारते, लेक काय करते? मी सांगते, चिप बनवते. पुढे माझी गाडी अडते."

"अगं, सोपं आहे. नेटवरून जाणाऱ्या माहितीचे आमची चिप एकाच मापाचे तुकडे करते. प्रत्येकाच्या डोक्यावर पत्ता लावते. त्यांना सेल म्हणतात."

"आणि शेवटचा तुकडा तोकडा निघाला तर?"

"उरलेल्या जागेत शून्यं भरायची. माप चुकून चालत नाही."

"पुढे त्या शून्यांचं काय होतं?"

"पलीकडची चिप ती फेकून देते. त्यांत काही नसतंच."

"म्हणजे तुझा रविवारचा फोन!"

"माझा फोन कुठून आला मध्येच?"

"दहा मिनिटं ठरलेली. जेवलीस का, औषध घेतलंस का, गुडघा कसा आहे, तीन मिनिटांत आटपतं. उरलेली सात मिनिटं नुसतं 'मग, अजून काय? अजून काय?'"

"बरं बाई, येत्या रविवारपासून तीन मिनिटांतच ठेवीन."

"खबरदार! त्या सात मिनिटांसाठी मी दुपारची झोप मोडते. फेकून द्यायला मी काय चिप आहे?"

"आजी, आत चला. पट्टी काढायची आहे."

"आले हो, सिस्टर. हात धर गं माझा. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. शून्यं भर."