तेल का हवा

डोळ्याच्या दवाखान्यात पाचोडच्या द्वारकाबाईच्या एका डोळ्याला पट्टी होती, पण कान दोन्ही उघडे होते. शेजारी खुलताबादचे जहांगीरभाई आणि त्यांची बायको कमरुन्निसा हळू आवाजात भांडत होते.

"तुझ्या डोळ्याचा पडदा सरकलाय, तर आत हवाच भरू म्हणतेत डॉक्टर. आपोआप जिरती. एकाच ऑपरेशनात काम."

"आन् जिरंपर्यंत विमानात बसायचं नाय, ते नाय ऐकलं तुमी?"

"मग दुबईला नंतर जा."

"आपल्या तबस्सुमचं पहिलं बाळंतपण हाय. नंतर जाऊन काय, लेकराला शाळंत सोडू?"

द्वारकाबाईला राहवलं नाही.

"विमानात ती हवा फुगती, बाई. आमच्या गावचा एक तात्या गेला तसाच. डोळा भोपळ्याएवढा झाला, त्याचं येगळं तिकीट काढावं लागलं."

कमरुन्निसा हसली. "तुमच्या डोळ्यात काय भरलंय, मावशी?"

"तेल. अस्सल करडीचं."

"त्यात उडता येतं?"

"येतं की. पण ते काढायला पुन्हा टेबलावर झोपावं लागतं."

"तेच म्हणतो मी," जहांगीरभाई म्हणाले. "दोनदा कशाला? मला तुझ्या डोळ्याची भीती वाटती."

"मला पोरीची वाटती. तिकडं तिला कोन हाय?"

तेवढ्यात सिस्टर आली.

"काय ठरलं?"

"तेल," कमरुन्निसा म्हणाली.

"तेल घातलं तरी पुढं बरेच दिवस मान खालीच ठेवावी लागेल, मावशी. तिकडं जमंल का?"

"मांडीवर लेकरू आल्यावर मान वर कोन करतंय, बाई?"