आडव्या तुकड्याची कबुली

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, आपल्या शिवणवर्गाच्या कार्यवाह बाई, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना तुम्ही सगळ्या ताई म्हणता, आणि समोर जमलेल्या माझ्या सुई-दोऱ्याच्या मैत्रिणींनो, त्यांना सोडायला येऊन शेवटच्या रांगेत अडकलेल्या त्यांच्या यजमानांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंना पंधरा दिली होती, पण त्यांनी बोलायला नकार दिला आणि सांगितलं, ‘माझ्याबद्दल काय ते धाकटीच बोलेल.’ म्हणजे त्यांची पंधरा मिनिटंही माझ्याकडे आली आहेत. पन्नास वर्षांत त्यांच्या वाटणीचं काही माझ्याकडे आलं, ते हे पहिलंच. तेव्हा अध्यक्षमहोदय, कृपा करून घड्याळाकडे बघू नका.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. आमच्या यजमानांचं, म्हणजे दोघा भावांचं, शिंप्याचं दुकान. दुकानातलं कातरण मागच्या खोलीत येऊन पडायचं आणि आम्ही दोघी त्याच्या गोधड्या शिवायचो. त्याच खोलीत एकतीस वर्षांपूर्वी हा वर्ग सुरू झाला. सुरू कुणी केला? दोघींनी. नाव कुणाचं झालं? ते मागच्या कापडी फलकावर लिहिलंय, मी वाचून दाखवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सत्काराच्या दिवशी हे कसलं बोलणं? पण मंडळी, मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि गोड बोलायला मला कधी जमलं नाही. मला ताईंचा हेवा वाटत आला. अगदी पहिल्या दिवसापासून. आणि हेवा वाटावा असं त्यांच्याकडे होतं काय? सोनंनाणं? छे! घर एक, चूल एक, मिळकत एक. मला हेवा वाटायचा त्यांच्या मजेचा.

सकाळी खिडकीत उभ्या राहून दहा सुयांत दोरा ओवायच्या आणि पडद्याच्या काठाला ओळीनं टोचून ठेवायच्या. मग दोन पावलं मागं येऊन त्या ओळीकडे असं बघायच्या, की जणू घर बांधून झालं. एक ओळ शिवून झाली की गोधडीवर थाप मारून म्हणायच्या, ‘झालं बाई!’ मीही ओळ शिवायचे. माझीही व्हायची. पण मला कधी ‘झालं बाई’ असं वाटलं नाही, पुढची ओळ दिसायची. दुपारी ज्या गोधडीवर काम चाललंय तिच्यातच पाय घालून वीस मिनिटं झोपायच्या, सुया बाजूला काढून, आणि उठल्यावर विचारलं तर म्हणायच्या, ‘ऊब बरोबर आहे का ते बघत होते.’

अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. दोनदा पडल्या, तिसऱ्यांदा दूधवाल्याला धडकल्या आणि चौथ्या दिवशी दोरा आणायला बाजारात गेल्या. गच्चीवरच्या कुंडीत तीन टोमॅटो आले, तर अख्ख्या वर्गाला जिना चढवून दाखवायला नेलं. माझ्या कुंडीत त्या वर्षी तेरा आले होते. तेरा! मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सगळ्या जणी माझ्या कुंडीला वळसा घालून त्यांचे तीन बघायला गेल्या.

आणि शिवणाचं म्हणाल, तर आज तोंडावर सांगते. बोटाच्या एका पेरात माझे सात टाके बसतात. ताईंचे पाच. हे मोजलेलं आहे, हवं तर पट्टी आणा. माझी पाठची बाजू पुढच्यासारखी दिसते. पण लोक यायचे, माझ्या गोधडीला ‘छान आहे हं, अगदी नीट’ म्हणायचे आणि ताईंची गोधडी मात्र अंगावर ओढून बघायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता मुद्द्यावर येते. मघाशी प्रमुख पाहुणे फार सुंदर बोलले. ते म्हणाले, ताईंच्या प्रत्येक गोधडीत एक तुकडा आडवा असतो. सगळ्या पट्ट्या उभ्या आणि एकाच तुकड्याच्या आडव्या. ते म्हणाले, ही कलावंताच्या नम्रतेची खूण आहे. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एकोणीस वर्षं वाजवतेय.

तो पहिला आडवा तुकडा मी लावला.

थांबा, पुढं ऐका. एकोणीस वर्षांपूर्वी नगरवाचनालयाच्या सभागृहात गोधड्यांचं प्रदर्शन होतं. पहिल्यांदाच परीक्षक आणि बक्षीस. ताईंनी हिरव्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची गोधडी केली होती, सगळ्या पट्ट्या उभ्या, ओळंबा लावल्यासारख्या. आदल्या दुपारी त्या सायकल दुरुस्तीला घेऊन गेल्या. खोलीत मी आणि ती गोधडी. मी खालून तिसऱ्या ओळीतला, डाव्या कोपऱ्याजवळचा तुकडा उसवला, आडवा फिरवला आणि परत शिवून टाकला. का केलं? त्यांचं नाक थोडं खाली यावं म्हणून. दुसरं काही कारण नाही, आणि मी शोधलेलंही नाही.

पण खरी फजिती पुढंच. करायचं तर वाईटच काम होतं ना? मग टाके वेडेवाकडे घालावेत की नाही? ते काही जमेना! दोनदा वाकडे घातले, दोनदा उसवले. चोरी करायला गेलेल्या बाईनं जाताना घर झाडून यावं, तसं झालं. शेवटी पेराला सात टाके घालूनच उठले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई आल्या. माझ्या गोधडीला ‘नीट आहे’ म्हणाल्या. ताईंच्या गोधडीपाशी थांबल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, ‘इथल्या बाकीच्या सगळ्या गोधड्या शहाण्या आहेत. ही एकच बोलते. हा आडवा तुकडा लावायला धाडस लागतं.’ पहिलं बक्षीस ताईंना. दुसरं कुणाला, ते सांगायला हवं का?

ताईंनी वाकून त्या तुकड्यावरून बोट फिरवलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, ‘हं.’ एवढंच.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक गोधडीत एक आडवा तुकडा. मग तुमच्याही. वर्तमानपत्रात लेख आला, तोही आडव्या तुकड्यावर. विचार करा माझी काय अवस्था झाली असेल! पाप माझं आणि कौतुक त्यांचं. ‘तो माझा आहे’ म्हणून ओरडावं, तर ‘तू तिथं काय करत होतीस?’ असं कुणीतरी विचारणारच. श्रेय घ्यायचं तर चोरी कबूल करायला हवी. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! मी आपली टाळ्या वाजवत राहिले.

तुम्हाला ठाऊक आहे, गेले आठ महिने ताईंना सुईचं नेढं दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता शिवण बंद. म्हणून तर आजचा हा निरोप. आज सकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरात आल्या. काखेत शेवटची गोधडी. ती त्यांनी ओट्यावर पसरली. सगळी पुरी झालेली, फक्त खालून तिसऱ्या ओळीत, डाव्या कोपऱ्याजवळ, एका तुकड्याची जागा मोकळी. आतलं अस्तर दिसत होतं.

‘एवढा लाव,’ म्हणाल्या. ‘तो तुझा.’

‘माझा म्हणजे?’

‘अगं धाकटे, पेराला सात टाके या घरात दुसरं कोण घालतं?’

चहा उतू गेला. मी म्हटलं, ‘मग ताई, एकोणीस वर्षं तोंडातून शब्द का नाही काढलात?’

‘आधी राग आला होता. दोन दिवस. तू बघितलंस ना, तुझ्याशी बोलत नव्हते?’ मी नव्हतं बघितलं. मी त्या वेळी स्वतःच रुसले होते. ‘मग बघितलं, तर दिसायला छानच होतं. म्हटलं, कधीतरी आपण होऊन सांगेल. तू कसली सांगतेस!’ आणि मग म्हणाल्या, ‘पण एक सांगू? तुझ्यासारखा मला तो एकदाही बसला नाही गं. दरवेळी कोपऱ्यात चुणी पडते. तुला विचारायची सोय नव्हती. फार हेवा वाटायचा तुझा.’

मंडळी, माझा हेवा! पन्नास वर्षांत इतकं गोड वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलंही. असं मागितल्यावर लगेच देऊन टाकतात, म्हणून तर माझा जळफळाट होतो.

हे इथं सांग असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि सांगू नको असंही नाही. येताना रस्ताभर मी ठरवत होते. लपवलं असतं तर तुम्हाला कधी कळलं नसतं. पण मग हे शेवटचं कौतुकही त्या एकट्याच घेऊन गेल्या असत्या, आणि त्यांचा रागही मला कधी पुरा मिळाला नसता. मला दोन्ही हवं आहे.

वर्गानं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, कार्यवाह बाईंनी दोनदा हात वर करूनही मला खाली ओढलं नाही, सगळ्यांची मी ऋणी आहे. प्रमुख पाहुण्यांनी आपल्या भाषणातला नम्रतेचा भाग तेवढा दुरुस्त करून घ्यावा. भाषणाच्या शेवटी क्षमा मागायची रीत असते, ती बोलताना झालेल्या चुकांची. मी शिवताना केलेल्या एका चुकीची मागते. तुमची नाही, ताईंची. ताई, माझं चुकलं. 

आणि ही तुमची गोधडी. जरा हात पुढे करा, मांडीवर देते. तुकडा लावलाय मी सकाळी.

बघा, बघा मंडळी. डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, आणि बोट कसं सरळ तिथंच गेलं. काय म्हणालात ताई? मोठ्यानं म्हणा.

ताई म्हणतायत, ‘या वेळी आठ घातलेस.’

हो, घातले. तेवढं ओळखणारं दुसरं कुणी नाही मला. धन्यवाद.