बादशाचा जीव आन् माझी दहावी

...न्हाई, पण त्यो बोकड बघायलाय की सारखा माझ्याकडं! पुस्तक उघडलं की बघायलाय, मिटलं की चरायलाय. तुमाला सांगतो, मेंढरं-शेरडं घेऊन येलदरीच्या धरणाकडं जातो मी, झाडाखाली बसतो, बीजगणित काढतो, एक्सची किंमत काढावी म्हणून पेन्सिल टेकवितो... आन् समोर हा! कान पाडून! कशी काढायची किंमत? मी पास झालो की हा गेला! आता आपल्या दहावीपायी त्याचा जीव घ्यायचा का, सांगा तुमीच!

तुमी म्हणाल, येडबा, दहावीचा आन् बोकडाचा काय संबंध? आवो, हाय की! जिंतूरला एक सर आले होते भाषणाला, टाय लावून. "मित्रांनो, स्वप्न पहा! ध्येय ठरवा! आणि चारचौघांत जाहीर करा, म्हणजे माघार घेता येणार नाही!" टाळ्या वाजवून हात लाल झाले माझे. नववीतून मेंढरामागं गेलेला माणूस मी, अंगातच आलं माझ्या! तसाच गावात आलो, म्हसोबाच्या पारावर उभा राहिलो आन् बोंबललो, "औंदा माझ्या चंदासंगं मी बी दहावीला बसणार!" चंदा म्हंजे माझी लेक. आता इथं थांबावं का न्हाई माणसानं? पण आपल्यात नवसाबिगर कुठलं काम सुरू झालंय? "देवा म्हसोबा, पास झालो तर बादशा तुला!"

बादशा म्हंजे हाच बोकड. त्याची माय मेली तवा चंदानं बाटलीनं दूध पाजून वाढविलाय त्याला. आदी भाकर त्याला, मग तिला. हे नवस बोलताना आठवाया नको? पण भाषण ताजं होतं ना डोक्यात!

मग काय... पुस्तकं आली, चंदानं खाकी कव्हरं घालून वर माझं नाव लिहिलं, आन् पहिल्याच दिवशी मला बादशाची दया आली. म्हंजे इतिहासाला तेवढी न्हाई येत, पण बीजगणित उघडलं की लय येती! बायको, बबिता, इचारायची, "आवं, वाचायलाव का?" मी म्हणायचो, "कसं वाचू? मुक्या जनावराचा जीव घ्यायचा का, सांग तूच!"

ती भाकरी थापाया लागायची. पण चंदाला खरं वाटलं हो! डोळे पुसत शाळेत गेली आन् सांगून आली, "पप्पांनी बादशासाठी सपन सोडलं." आता गुरुजी रस्त्यात थांबून हात जोडायलेत मला! "येडबाराव, धन्य आहे तुमची!" पारावरचा गोपाळ, ज्यानं "काय म्याट्रिकसायब" म्हणून म्हणून डोकं खाल्लं, त्यो बी बोलावून चहा पाजायलाय. खरं सांगू? कुठं बोलू नका... मला एक्स निघंनाच हो. बोकड नसता तरी निघाला नसता. लेकीसंगं पेपरला बसायचं, ती पास आन् बाप नापास... भ्याव वाटायलंय. आन् ती पोरगी मला देवमाणूस समजून माझ्या ताटात जास्तीची भाकर वाढायली! लाज वाटायली मला, लय लाज.

काल बबिता न सांगताच पुजाऱ्याकडं जाऊन आली. पिशवी ठेवली आन् म्हणती, "इचारलं देवाला. बोकडाच्या बदली नारळ चालतोय. घ्या पुस्तक!" चंदा बादशाच्या गळ्यात पडून नाचायली. मी बी हसलो... हसावंच लागलं की! बबिता नुसती बघायली माझ्याकडं. तिला पहिल्या दिवसापासून ठावं होतं बघा.

आज बादशा ढुंकून बघंना माझ्याकडं, निवांत चरायलाय. समोर बीजगणित, बाजूला त्यो नारळ. बबितानं मुद्दाम शिदोरीसंगं दिलाय, ध्यानात राहावं म्हणून. केलं मन घट्ट, टेकविली पेन्सिल... आन् सहज नजर गेली. शेंडी जरा सरकली होती. आवो, तीन डोळे हायत त्याला! तिन्हीनं माझ्याकडंच बघायलाय, बिचारा...

आता आपल्या दहावीपायी त्याला फोडायचा का, सांगा तुमीच!