वरची डुलकी

बायको : युनिफॉर्म चढवून, बूट घालून नुसत्या येरझाऱ्या काय घालतोयस? बस ना जरा.

कॅप्टन : बसलो की डोळा लागतो.

बायको : मग झोप! आज सुट्टी होती तुझी.

कॅप्टन : होती. पुन्हा रद्द केली. ड्युटीवाला गाडी पाठवतोय.

बायको : सरळ नाही म्हण.

कॅप्टन : मागे एकजण म्हणाला होता. लगेच बदली. बायकापोरं इथे, तो तिकडे. तेव्हापासून आम्ही सगळे गुणी बाळं झालोय.

बायको : एवढंच नाहीये. काल आल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही.

कॅप्टन : काल वर विमानात माझा डोळा लागला.

बायको : त्यात काय? आळीपाळीने डुलकी घेता येते, तूच सांगतोस. एकजण झोपला की दुसरा जागा.

कॅप्टन : डुलकी को-पायलट घेत होता. मला जाग आली तेव्हाही तो घोरतच होता. आणि मागे भरलेलं विमान.

बायको : अगं आई गं!

कॅप्टन : ऑटोपायलट चालू होता म्हणून निभावलं. उतरताना एक आजी म्हणाल्या, काय अलगद आणलंत हो!

बायको : हे कुणापाशी बोलू नकोस. लायसन्स जाईल. त्या पोराचीही वाट लागेल, तो अजून कायमसुद्धा झाला नाही. नुसतं दमलोय म्हण.

(फोन वाजतो. कॅप्टन स्पीकर लावतो.)

ड्युटीवाला : सर, गाडी खाली उभी आहे.

कॅप्टन : परत पाठव. मी आज उडत नाही. दमलोय.

ड्युटीवाला : दमलेत तर सगळेच, सर. मला इथे धड जेवायलाही उठू देत नाहीत. आजारी आहात असं लिहू?

कॅप्टन : आजारी नाही. दमलोय.

ड्युटीवाला : वरचे मला फाडून खातील. बरं, दुसरा कॅप्टन शोधतो. तुमचा कालचा को-पायलट तरी पोचलाय, नशीब!

कॅप्टन : त्याला कशाला बोलावलंस? घरी पाठव त्याला.

ड्युटीवाला : का? विचारलं मी. ठणठणीत आहे म्हणाला.

कॅप्टन : तो दुसरं काय म्हणणार?

ड्युटीवाला : मग कारण सांगा, सर. कारणाशिवाय मी त्याला उतरवू शकत नाही.

बायको : अरे, नको. ऐक माझं.

कॅप्टन : हा फोन रेकॉर्ड होतो ना?

ड्युटीवाला : सगळेच होतात, सर.

कॅप्टन : मग ऐक. काल विमान वर असताना आम्ही दोघंही झोपलो होतो. जागं राहायचं काम माझं होतं.