गर्दीपर्यंतची बॅटरी

नाही नाही, उजेड कमी करू नकोस, पोरी — राहू दे लॅपटॉपची स्क्रीन अशीच भगभगीत. भर उन्हात वापरणार तू, बसमध्ये, वर्गात — तेव्हा काय डोळे फोडून बघणार? पलीकडच्या गल्लीत जुने लॅपटॉप विकणारे ते भामटे स्क्रीन मंद करतात, आतलं सगळं बंद ठेवतात आणि म्हणतात, दिवसभर टिकते. टिकेलच की! निजवून ठेवलं तर मीही दिवसभर टिकतो. अख्ख्या इकेजाच्या बाजारात खरी परीक्षा माझ्याकडेच — इंटरनेट चालू, आवाज चालू, आणि सकाळपासून हा व्हिडिओ. आमच्या गोकेनं घालून दिलेली रीत. म्हणायचा, बाबा, माणसं वापरतात तसं वापरा आणि मग बोला. शिकलेला होता. मला काय, बॅटरी मेली की कळतं, तेवढंच.

तू नर्सिंगची ना? मागचं यंत्र ऐन परीक्षेत गचकलं म्हणालीस — आणि आता हेही गचकलं तर कॉलेजवाले घरी बसवणार. मग बस गप. बघ.

काय? कुणाचा व्हिडिओ? मयताचा आहे. लांबलचक आहे म्हणून लावतो, सिनेमा लवकर संपतो. आधी ते चर्चमधलं गाणं झालं ना — हलक्या बॅटऱ्या तिथेच मान टाकतात. मग बाजारातली पोरं बोलायला उभी राहिली, छातीवर त्याचा फोटो छापलेले सदरे घालून, एकेक जण नाक पुसत — तिथवर गेली तर म्हणायचं, बरी आहे. ती लठ्ठ बाई? माझी बहीण. हो — म्हणजे, हो. पेटीत गोकेच. माझा मुलगा. त्यात काय, रोज बघतो. रडू नकोस, कीबोर्डवर पडेल.

मी? मी कसा दिसेन त्यात? आपल्या योरुबा लोकांतलीच पोर ना तू, आणि हे विचारतेस? बापानं लेकराला पुरताना बघू नये, जागासुद्धा ठाऊक असू नये — आईलाही नाही. आम्हा दोघांना घरात बसवलं, दाराशी खुर्ची टाकून भाऊ बसला. तिच्या लंडनच्या लेकीला पाठवायला म्हणून बहिणीनं हा व्हिडिओ इथे दुकानात आणून दिला. म्हणाली, दादा, शेवट बघू नकोस. शेवट कोण बघतोय! तो व्हिडिओवाला असा आळशी, कॅमेरा बंदच केला नाही — पेटीची गाडी रस्त्यात गर्दीत अडकली, तेही सगळं काढलंय. कंडक्टर शिव्या देतात, पाणी विकणाऱ्या बाया मधून जातात, गाडी ढिम्म. माझ्या सगळ्या बॅटऱ्या इथेच मरतात, या गर्दीत. स्क्रीन काळी होते, मी झाकण मिटतो, दुसरं यंत्र घेतो. वायर? वायर कशाला लावू? परीक्षा बॅटरीची आहे.

बायको विचारते कधीकधी, आज कुठवर पोचला? मी सांगतो, अडकलाय अजून. मग ती जेवायला वाढते.

हे चिवट आहे हं. पिवळ्या बसपर्यंत आलं — ही बस दिसली की संपतंच बघ — आता — नाही संपलं. अजून बरीच बॅटरी बाकी दाखवतंय. हा केळ्यांचा ट्रक — हा बाजूला सरतो होय? हे मी कधी पाहिलं नव्हतं. रस्ता मोकळा आहे की पुढे — थांब. हलली. अगं, गाडी हलली. दिवा लुकलुकतोय तिचा, वळणार —

नाही, बंद नाही पडलं. मी मिटलं. चांगली आहे बॅटरी, तुझी परीक्षा निभेल. शेवटपर्यंत म्हणजे काय शेवटपर्यंत? मी सांगतो ना, चांगली आहे! हा चार्जर घाल पिशवीत. आणि कुठल्या बाजूला वळली ते तू पाहिलं असशील — सांगू नकोस. तोंड उघडू नकोस. जा आता. जा म्हणतो ना.