पाण्याचं विरजण

लेकीच्या टाकीतले दोन मासे सकाळीच मेले, म्हणून सुग्रीव नवे आणायला जालन्याला निघाला होता. बदनापूर स्टेशनात तिकिटाच्या रांगेत त्याच्या पुढं दोघी शेजारणी बोलत होत्या.

"फरहानाआपा, तुमच्या घाण स्पंजानं मासे वाचले बघा."

"पण झालं काय होतं, अंजू?"

"दिवाळीची साफसफाई केल्ती. फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र धुतला. चार दिवसांत मासे वर येऊन तोंड वासून राह्यले."

"अमोनिया चढला असंल. माशांची घाण खाणारे जंतू स्पंजातच राहतात. तूच धुऊन टाकले."

"मंग तुमचा स्पंज आत ठेवला, रोज थोडं पाणी बदललं."

"विरजणच ते. दुधाला लागतं तसं पाण्यालाबी लागतं."

"लकव्यापासून मामंजी दिवसभर टाकीच बघत्यात. काल मासे पळताना बघून हसले, आपा. म्हणून लाडू आणले, शुक्रिया म्हणायला."

"लाडू दे. पण विरजणाचा शुक्रिया कोण म्हणतं?"

"मंग?"

"कुणी मागितलं तर द्यायचं. बस."

सुग्रीवनं घसा खाकरला.

"ताई, आमच्या टाकीत तीनच मासे राह्यले. तेबी वर आलेत."

अंजूनं पटकन मागं वळून विचारलं, "घर कुठं तुमचं, दादा?"